लाखोरीचं पथ्य

त्या दिवशी बाबांनी अहिवाऱ्याकडच्या एका गावात भजी खाल्ली. दुपारी ते वारले. आई सोबत होती. मी घरी होते.

लोकांना आम्ही हार्ट म्हणून सांगितलं. भिलाईत माणसाने कशाने मरावं याचे काही संकेत ठरलेले आहेत. हार्ट चालतं, शुगर चालते, किडनी चालते, हायवेवरचा ट्रक चालतो. स्टील प्लांटमध्ये काम केलेल्या माणसाची फुप्फुसं गेली तर ते मरण मानाचंच समजलं जातं. भज्यांनी मेलेल्या माणसाची मात्र इथे सोय नाही. भेटायला येणारा चार शब्द धीराचे जुळवून आलेला असतो. भजी म्हटल्यावर त्याने त्या शब्दांचं काय करायचं?

बाबांना अलर्जी होती. हा शब्द आमच्या घरात फार आधीपासून होता, फक्त त्याला अर्थ नव्हता. बाबा प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते आणि आम्ही भिलाईतच मरोद्याला क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे कुणाला शिंका आल्या, डोळे चुरचुरले, अंग खाजलं, पोराचं अभ्यासात लक्ष लागेना, तर कारण एकच असायचं, प्लांटची धूळ. अंगणातल्या दोरीवरच्या चादरींवर ती रोज दिसायची, त्यामुळे आणखी पुरावा कुणी मागत नसे. बाबांच्या अंगावर अधूनमधून पित्त उठायचं. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर लाल चट्टे यायचे आणि काही तासांत जायचे. तेही धुळीच्याच नावावर जमा व्हायचं. शेजारच्या छत्तीसगडी काकू गेरू उगाळून लावायच्या आणि वरून काळं कांबळं गुंडाळून बसवायच्या. मे महिन्यात भिलाईत कांबळं गुंडाळून बसलेला माणूस खाजेची तक्रार करत नाही, त्याला दुसऱ्या तक्रारी सुचतात. म्हणून तो उपाय हमखास मानला जायचा.

पुढे बाबा रिटायर झाले. प्लांट सुटला, क्वार्टर सुटलं, आम्ही लांबच्या कॉलनीत घर बांधलं. पित्त सुटलं नाही. पण त्यामुळे धुळीवरचा कुणाचा विश्वास ढळला नाही. इतकी वर्षं आत गेलेली धूळ एकदम कशी निघेल, हळूहळूच निघणार, असं सगळे समजुतीने सांगत. बाबा रोज एक पिवळट गोळी घेत आणि धूळ निघायची वाट बघत.

पहिला मोठा झटका कुरुदला आला. बाबांच्या एका आतेभावाकडे नातवाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. आधी चहा आणि भजी झाली. थोड्या वेळाने बाबांचे तळहात खाजायला लागले, मग ओठ सुजले, मग आवाज बदलला. गळ्याला कुणी दोरी आवळल्यासारखे ते बोलत होते. पाहुण्यांमध्ये उपचारांची कमतरता नव्हती. एकाने मीठ-साखरेचं पाणी केलं, एकीने नाकाशी कांदा धरला, आणि एका काकांनी कोक ओव्हनचा विषय काढला. बाबांना उभं राहता येईना तेव्हा कुणाच्या तरी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने एकदा तोंडाकडे पाहिलं, कपडे वगैरे काही न काढता मांडीत इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात बाबांचा श्वास मोकळा झाला. त्या रात्री त्यांना तिथेच ठेवलं, कारण एकदा ओसरलेला झटका पुन्हा उलटू शकतो. सकाळी सोडताना डॉक्टर म्हणाला की ही अलर्जी आहे, कशाची आहे ते शोधून काढा. छत्री कुठे विसरलात ते आठवा, अशा सुरात.

आम्ही शोधायला लागलो. ओळखीतल्या एकाने सांगितलं की आता रक्ताची एक मोठी तपासणी निघाली आहे, एकाच वेळी सगळ्या पदार्थांची अलर्जी कळते. आम्ही ती केली. रिपोर्ट आला, अनेक पानांचा आणि रंगीत. तांदूळ, गहू, दूध, तूर, वांगी, केळी, लसूण, कोंबडी, मोहरी अशी लाल पट्टी लागलेल्या पदार्थांची रांगच होती. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा तर बाबा तपासणीला येईपर्यंत जगायला नको होते. आईने विश्वास ठेवला. काही आठवडे बाबा मुगाचं पाणी, पपई आणि ज्वारीची भाकर यांवर राहिले. ते वाळले, चिडके झाले, आणि एक दिवस पपई खाताना अंगावर पुन्हा पित्त उठलं. आईने पपईही बंद केली.

शेवटी रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अलर्जीच्या डॉक्टर बसतात असं कळलं. मध्यम वयाच्या बाई होत्या, हिंदी बोलायच्या. रंगीत रिपोर्ट त्यांनी दोन पानं चाळून बाजूला ठेवला. शरीर एखादा पदार्थ ओळखतं एवढंच रक्त सांगतं, त्या म्हणाल्या. ओळखणं वेगळं आणि भांडणं वेगळं. भांडण कुणाशी आहे ते आधी माणसाला विचारायचं, मग तपासणीला. आणि पित्त कधी कधी काही न खाताही उठतं, तेव्हा पपईला सोडून द्या.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठे होतात, काय खाल्लं, त्यानंतर किती वेळाने सुरू झालं, घरी तेच खाल्लं तर होतं का. असं इतक्या बारकाईने बाबांना कुणीच विचारलं नव्हतं. दीड-दोन तासांत एवढं निघालं की मोठे त्रास सगळे घराबाहेर झाले आणि प्रत्येक वेळी ताटात बेसनाचं काहीतरी होतं. भजी, कढी, शेव. पण घरी आई झुणका करायची, त्याने कधी काही झालं नव्हतं. आणि बाहेरचं बेसनही दर वेळी बाधत नव्हतं. आई चणा डाळ आणून गिरणीतून दळून घ्यायची. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एक आठवडा गोळी बंद करून या म्हणाल्या. ती चालू असली तर कातडी खरं बोलत नाही. येताना घरातल्या सगळ्या डाळी आणि पिठं चिमूट चिमूट घेऊन या, आणि बाजारातलं सुटं बेसनसुद्धा.

आई कागदाच्या पुड्या बांधून घेऊन गेली. बाबा म्हणाले, हिला एक तराजू दिला तर दवाखान्यातच दुकान सुरू होईल. बाबांच्या हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी भिजवलेल्या डाळीच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि सुईचं टोक टेकवलं. एक पुडी डॉक्टर बाईंनी स्वतःच्या खणातून काढली. मग खाजवायचं नाही, नुसतं बसायचं. बाबा हात पुढे करून बसले, बांगड्या भरायला बसल्यासारखे. चण्याच्या जागी काही झालं नाही. तुरीच्या जागी काही झालं नाही. बाजारातल्या बेसनाच्या जागी लहान गांध उठली, आणि डॉक्टर बाईंच्या पुडीच्या जागी रुपयाएवढी.

ती लाखोरी होती, म्हणजे लाखेची डाळ. इकडे छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात. चण्याहून स्वस्त पडते, दळली की रंग सारखाच दिसतो, म्हणून सुट्या बेसनात तिची भेसळ करतात. कुठे असते, कुठे नसते, कुठे थोडी असते.

"आमच्या घरात लाखोरी येतच नाही," आई मराठीतच म्हणाली, जणू डॉक्टर बाईंनी तिच्या स्वयंपाकघरावर आरोप केला होता.

ते खरं होतं. भंडाऱ्याकडच्या बाबांच्या गावात आजोबांना मजुरीत लाखोरी मिळायची. तिचंच वरण, तिच्याच पिठाची भाकर, आणि ती फार खाल्ली की पाय जातात हेही सगळ्यांना माहीत. प्लांटची नोकरी लागल्यावर बाबांनी पहिला नियम केला होता तो हा, की माझ्या घरात ती डाळ दिसणार नाही. आणि त्यांनी तो पाळला होता. मला लाखोरी कशी दिसते तेसुद्धा त्या दिवशी कळलं.

बाबांनी विचारलं की लहानपणी पोटभर खाल्ली तेव्हा कसं काही झालं नाही? डॉक्टर बाई म्हणाल्या, अलर्जी कोणत्याही वयात लागू शकते, का ते नेमकं सांगता येत नाही. शरीरात पहारेकरी असतात. एखाद्या दिवशी ते साध्या पाहुण्याला चोर समजतात, आणि एकदा समजले की पुढे तो जितक्यांदा येईल तितक्यांदा हाणामारी करतात. पाहुण्याचं काही जात नाही, घराचीच मोडतोड होते.

बाबा हसले. "डॉक्टरसाहब, ये तो हमारे गाँव का ही हाल बता रहे हो आप."

डॉक्टर बाईंना ते कळलं की नाही माहीत नाही. त्या उपचाराकडे वळल्या. या अलर्जीवर बरी करणारी गोळी नाही. रोजच्या गोळीने खाज थांबते, जीव वाचत नाही. उपाय एकच, बाहेरचं बेसन खायचं नाही. चुकून गेलंच आणि घसा, श्वास किंवा चक्कर यांतलं काही सुरू झालं, तर अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. मग आडवं पडायचं, पाय उंच ठेवायचे, आणि गाडी दाराशी येईपर्यंत उठायचं नाही. बरं वाटलं तरी नाही. औषध कसं भरायचं आणि सुई कशी टोचायची ते आईने संत्र्यावर शिकून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडची संत्री तपासून खावी लागत.

म्हणजे रोग कळला होता, औषध आईच्या पर्समध्ये होतं, आणि पथ्य एका शब्दाचं होतं. नाही म्हणायचं. डॉक्टर बाईंना वाटलं असेल की त्यांनी सगळ्यांत सोपी गोष्ट सांगितली.

बाबांच्या गावात त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. भिलाईत आल्यावर घेतील असं त्यांना वाटलं होतं, आणि पुष्कळांनी घेतलंही. पण काही जण क्वार्टरवर यायचे, खुर्चीवर बसायचे, प्रमोशनचं, ओव्हरटाइमचं बोलायचे, आणि चहा आला की त्यांच्या प्रकृतीला काहीतरी व्हायचं. एकाला गॅस होता. एकाचा कायम उपास असायचा. एकाला डॉक्टरने मना केलं होतं, आणि तोच माणूस कँटीनमध्ये समोसे खाताना बाबांनी रोज पाहिला होता. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःपुरतं ठरवलं की आपण कुणाच्या ताटाला नाही म्हणायचं नाही. झाडूवाल्याकडे, साहेबाकडे, कुणाकडेही, जे पुढे येईल ते खायचं. हा त्यांचा धर्म होता म्हटलं तरी चालेल. विहारात ते नियमाने जायचे, पण त्यांचा खरा विश्वास या नियमावर होता.

आणि आता त्यांना खरोखरच डॉक्टरने मना केलं होतं.

"मी लोकायले काय सांगू?" ते आईला म्हणाले. "डॉक्टरनं मना केलं? हे वाक्य मले पाठ आहे. ते बोलणाऱ्याचं तोंड कसं होते तेही पाठ आहे."

"अजी, पण तुमाले खरंच मना केलं ना."

"त्यायचंही खरंच असन मंग एखाद्याचं."

 नाही म्हणायचं काम आईने स्वतःच्या अंगावर घेतलं. कुठेही गेलं की बाबांच्या आधी तीच बोलायची. तिला सुचलेला पहिला बहाणा म्हणजे, यांचा उपास आहे. तो तिने एका लग्नाच्या बोलणीत वापरला, एका बारशाला वापरला, आणि योगायोगाने दोन्ही गुरुवार निघाले. आम्ही बौद्ध. आमच्यात उपास-तापास बाबासाहेबांच्या वाटेने निघालो तेव्हाच सुटले. आठवड्याभरात विहारातले एक वयस्क गृहस्थ गंभीर चेहऱ्याने घरी आले. खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि म्हणाले, "भाऊ, आयकलं ते खरं काय? गुरुवार धरला म्हणते तुमी?"

बाबांनी त्यांना लाखोरीपासून सगळं समजावलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "धूळ असन, भाऊ. प्लांटची."

उपास बंद झाला. आईने मग डॉक्टरवर भागवायला सुरुवात केली. ती ते वाक्य बोलायची तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघायचे. सवयीने ते थोडं सोपं झालं असावं. ओळखीच्या घरांत लोक बाबांसाठी उकडलेले शेंगदाणे ठेवायला लागले. अशी काही वर्षं नीट गेली. मी शाळेच्या लायब्ररीत असते. तिथे मी अलर्जीवर मिळेल ते वाचायचे आणि घरी येऊन सांगायचे. बाबा ऐकायचे आणि म्हणायचे की पुस्तकात सगळं आहे, यजमान नाही.

अहिवाऱ्याकडे ज्याच्या घरी बाबांनी ती भजी खाल्ली, तो माणूस कोक ओव्हनला ठेकेदाराकडे हेल्पर होता. बाबांच्या शिफ्टमध्ये कितीतरी वर्षं त्याने काम केलं. छत्तीसगडी, आणि त्याच्या गावात त्याचं घर जिथे आहे तिथेच, गावाच्या कडेला, आमच्या गावात आमचं होतं. त्याने पक्कं घर बांधलं. बाबा रिटायर झाल्यापासून तो बोलावत होता, आता घर दाखवायला बोलावलं. आई-बाबा भाड्याची गाडी करून सकाळीच गेले. पुढचं मला आईने सांगितलं आहे, एकदम नाही, तुकड्या तुकड्यांनी.

घर बघून झालं. पाटावर बसले. त्याच्या बायकोने ताटलीत भजी आणली, गरम. आईने ठरलेलं वाक्य म्हटलं, की यांना डॉक्टरने तेलाचं मना केलं आहे. बाई ताटली धरून तशीच उभी राहिली. तो माणूस नाराज झाला नाही. त्याने बायकोच्या हातून ताटली घेतली, खाली ठेवली, आणि हसून म्हणाला, "कोनो बात नइ हे, साहब. हमन समझथन."

काही हरकत नाही, साहेब. आम्ही समजतो.

आई सांगते, बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ताटली ओढून घेतली. "क्या समझते हो," म्हणाले, "ये औरत मुझे कुछ खाने नहीं देती." दोन भजी खाल्ली. मिरची मागून घेतली. बाहेरचं बेसन दर वेळी बाधत नाही, हे आईलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

त्या वेळी बाधलं. बाबांनी खाजणारे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले ते आईने पाहिलं. यांचं शुगरचं इंजेक्शन राहिलं, असं सांगून तिने त्यांना आतल्या खोलीत नेलं. भिलाईच्या आसपास शुगरच्या इंजेक्शनबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. संत्र्यावर शिकली होती तसंच तिने अॅड्रिनॅलिन बरोबर जागी दिलं. मग खाटेवर पडा म्हणाली, मी गाडीवाल्याला दाराशी बोलावते.

"इथं नाही," बाबा म्हणाले. आवाज बदलला होता. "इथं पडलो तर त्याले समजन."

"समजू द्या ना."

"तो आयुष्यभर भजे तळनार नाही मंग. चाल, गाडीत पडतो."

ते उठले. ओसरीतून चालत गेले. घर छान झालं म्हणाले, दोघा नवराबायकोंना हात जोडले, पुढच्या खेपेला पोरीला घेऊन येतो म्हणाले. गाडी चिंचेच्या झाडाखाली होती. तिथपर्यंत पोचले आणि दार उघडताना खाली बसले. आईने दुसरं इंजेक्शन दिलं. भिलाईला आणेपर्यंत काही उरलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, इंजेक्शननंतर आडवं ठेवलं होतं का? अशा वेळी रक्त अंगात खाली उतरलेलं असतं, माणूस उभा राहिला की हृदयाला पंप करायला काही मिळत नाही. मी हे वाचलं होतं. आईलाही सांगितलं होतं, बाबांनाही. त्यांना ते नीट समजलं होतं, कारण ऐकताना ते म्हणाले होते की बॉयलरचंही असंच असतं. म्हणजे आम्ही हार्ट म्हणून सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला, बाबांमागच्या शेवटच्या कार्यक्रमाला, तो माणूस बायकोला घेऊन आला. कोपऱ्यात बसला. शेवटचं जेवण साहेब आमच्या घरी जेवले, असं चार जणांना सांगत होता, थोडं रडत आणि थोडं अभिमानाने. साहेबांनी मिरची मागून घेतली होती, हेही सांगत होता. आईने त्या दोघांना स्वतः वाढलं आणि ते उठेपर्यंत समोर उभी राहिली.

लोक पांगल्यावर मी आईला विचारलं की त्याला सांगायचं का. मला वाटत होतं की सांगावं. उद्या दुसऱ्या कुणाला होऊ शकतं, बेसन कुठलं आणतो ते त्याला कळायला हवं. माझं म्हणणं सगळं बरोबर होतं. आईने भांडी आवरता आवरता ते ऐकलं.

"बेसन बदल म्हणून सांगीन मी त्याले," ती म्हणाली. "कावून ते नाही सांगणार. तुह्ये बाबा त्याच्याचसाठी उठले होते खाटेवरून."

तिने तसं सांगितलं. बाजारातल्या बेसनात तिवरा असतो, चणा घेऊन दळून आणत जा. तो म्हणाला, "हव दीदी," आणि आता दळून आणतो.

तो वर्षातून एक-दोनदा येतो, कधी भाजी घेऊन, कधी नुसताच. बाबांच्या फोटोला हात जोडतो, चहा घेतो. आई त्याच्या घरी जाते आणि जे पुढे येईल ते खाते. मीही गेले आहे. त्याला आम्ही अजून सांगितलेलं नाही.